उघाडीवरचा टहाळा

रस्त्यात गटाराचं झाकण उघडं असलं की माणसं नाकाला रुमाल लावून लांबून जातात. मी थांबते आणि वाकून आत बघते. मला मूल नाही, म्हातारपणी बहिणीच्या मुलीकडे राहते. ती दंडाला धरून ओढते. "मावशी, चल ना, लोक बघतायत." बघू देत की! लोकांनी आयुष्यभर माझ्याकडे बघितलंच आहे, त्याने माझं काही झिजलं नाही. माझा नवरा तिथे खाली कामाला होता. दीड वर्ष तो त्या मुंबईत राबला आणि त्या दीड वर्षात वरची मुंबई त्याने धड पाहिलीसुद्धा नाही.

आमचं गाव उरणच्या बाजूचं, मिठागरांचं. माझे वडील शाळेत शिपाई होते म्हणून मी चार बुकं शिकले, नाहीतर आमच्या वेळी पोरी पाटी बघायच्या ती फक्त भावाची. लग्न होऊन आले ती मिठागरावरच. आमच्यात नवऱ्याला अहो-जाहो करायची पद्धत नव्हती. मी त्याला अरे-तुरेच करायची, आणि भांडण झालं की मुडद्या म्हणायची. आमच्याकडे बायका येता-जाता म्हणतात, कोणी मनावर घेत नाही. पुढे तो शब्द माझ्या तोंडून गेला तो कायमचाच.

तो उघाडीवर होता. मिठागराच्या बांधात एक जाड लाकडी दार असतं. भरतीचं पाणी हवं तेव्हा आत घ्यायचं, नको तेव्हा अडवायचं. त्या दाराला आम्ही उघाडी म्हणतो. ते राखणारा माणूस तिथीवर जगतो. आवसेला किती पाणी चढेल, अष्टमीला किती मरेल, हे त्याला भाकरीसारखं पाठ. माझा नवरा झोपेतून उठला की तोंड धुवायच्या आधी खाडीकडे बघायचा. मी म्हणायची, "बायकोकडे बघ की कधी!" तर म्हणायचा, "तू कुठं ओसरतेस?" असा आगाऊ माणूस.

स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. एका पावसाळ्यात उधाणाला आमचा बांध फुटला. गावची सगळी माणसं उतरली, चिखल टाकला, फांद्या टाकल्या, पण पाण्याने ऐकलं नाही. मालकाने बघितलं आणि तो भागच सोडून दिला. उघाडीचं दार तेवढं उभं राहिलं, दोन्ही बाजूंना सारखंच पाणी. नवरा रोज जाऊन त्या दाराशी बसायचा. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा. हातपाय धड असलेला माणूस असा बसलेला मला बघवत नाही.

एक मुकादम आमच्या शेजारच्या गावात बायकोच्या माहेरी यायचा. मुंबईत एका ठेकेदाराकडे होता. त्याने याला बांधावर पाहिलं आणि विचारलं, "चिखलाला भितोस का रे?" हा म्हणाला, "चिखल मला भितो." मुकादम हसला आणि तिथेच बसला. मुंबईच्या रस्त्यांखाली मोठे नाले आहेत, म्हणाला, ते समुद्राला मिळतात, आणि जिथे मिळतात तिथे तुझ्या उघाडीसारखीच दारं आहेत. फक्त लोखंडाची, चाकाने फिरवायची. गाळ काढायला माणूस लागतो, आणि भरती-ओहोटी कळणारा मिळाला तर सोनंच.

झालं. दसऱ्यानंतर तो मोऱ्याच्या बंदरावरून लाँचने गेला.

सासूला सांगितलं की गोदीत लागला, गोदामात पोती मोजतो. हे आमचं दोघांचं ठरलं होतं. कारण गटारात उतरतो म्हणून गावाला कळलं असतं, तर पंगतीत त्याच्या शेजारचा माणूस पान घेऊन उठला असता. माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो! जन्मभर चिखलात मांड्यांपर्यंत बुडालेली माणसं आम्ही, पण आमचा चिखल तेवढा चांगला आणि मुंबईचा घाण. सासू बिचारी विहिरीवर सांगत सुटायची, "माझा पोर गोदीत हाय, सावलीत बसून काम हाय." मी मान खाली घालून कळशी भरायची.

महिन्या-दीड महिन्याने यायचा. गावात शिरायच्या आधी खाडीत बुडी मारायचा, मग घरी विहिरीच्या पाण्याने अंग घासायचा. तरी मला वास यायचा. सांगायची नाही. आई झोपली की माझ्याशी खालच्या गोष्टी बोलायचा, आणि काय सांगू, त्याचा चेहरा उजळायचा. इंग्रजाच्या वेळचे विटांचे नाले, वर कमानी, उभं राहून हात वर केला तरी छताला लागत नाही. डोक्यावरून ट्राम गेली की विटा गुरगुरतात. जाळीतून भाजीवाल्याची हाळी ऐकू येते, बायकांची भांडणं ऐकू येतात, आणि त्यांना कुणाला ठाऊक नसतं की पायाखाली माणूस उभा आहे. कुठल्या वस्तीखाली आहोत ते पाण्यावरून कळतं, म्हणायचा. साबणाचं कोमट पाणी आलं की धोब्यांची आळी, लाल-निळं आलं की रंगाची गिरण, तेलाचा तवंग आला की खानावळी.

एकदा त्यांना गाळात दातांची कवळी सापडली. ती त्यांनी धुऊन खालच्या एका खिळ्याला टांगली आणि रोज कामाला जाताना तिला रामराम करायचे. "म्हातारी हसून बघते आमच्याकडं," म्हणायचा. समुद्राच्या तोंडाशी तर चिंबोऱ्या, पंजाएवढे खेकडे. "आणू का एक?" मी म्हटलं, "आणून तर बघ, तुझ्यासकट बाहेर टाकते." हसून हसून त्याला ठसका लागला, तिकडे सासू जागी झाली.

हळूहळू त्याच्या बोलण्यात एक बदल मला जाणवायला लागला. आधी म्हणायचा, "तिकडं खाली." मग म्हणायला लागला, "आमच्यात, खाली." घरी चार दिवस राहायला आला तर तिसऱ्या दिवशी त्याचे पाय चुळबुळायचे. मुंबईतल्या बायांची, दारूची भीती सगळ्याच बायकांना असते. मला ती कधी वाटली नाही. मला त्या भुयाराचा हेवा वाटायचा. उघाडी गेल्यावर मेल्यासारखा झालेला माणूस तिथे परत जिवंत झाला होता, आणि ते माझ्याने झालं नव्हतं. एकदा मी तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तुला एकदा दाखवीन. तू बघितलंस की तुला पण आवडंल." मी म्हटलं, "मला गटार दाखवायला नेणारा नवरा मिळाला, धन्य झाले मी!"

दुसऱ्या वर्षीच्या चैत्रात माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. मी पंधरा दिवस आधीच माहेरी गेले. हा लग्नाला येणार होता, आला नाही. मला वाटलं काम असेल. चिडले, पण काळजी नाही वाटली. हळद झाली, लग्न झालं, वैशाख अर्ध्यावर आला, तेव्हा मी सासरी परतले.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणाबाहेर एक माणूस येऊन उभा राहिला. उन्हात उभा, पण आत येईना. कोण म्हणून गेले तर हात जोडून म्हणाला, "वैनी, मी त्याचा जोडीदार. आमी दोघं एकाच नाल्यात." हा माणूस घाटावरचा, त्याची जात आमच्या गावाने अंगणात घेतली नसती, आणि हे त्याला कोणी न सांगता माहीत होतं. त्याचं नाव मी नवऱ्याच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. तो हळूच म्हणाला, "तो हितं आलाय का?"

मी म्हटलं, "इथे कशाला येईल? तो तिकडेच आहे ना?"

तो खाली बघत सांगायला लागला. चैती आवसेच्या आदल्या दिवशी त्याला स्वतःला ताप भरला होता, म्हणून कामावर गेला नव्हता. चार दिवसांनी उठून गेला तर माझा नवरा नव्हता. मुकादम म्हणाला, पळाला. दुसरीकडे काम मिळालं असेल नाहीतर बाई. जोडीदाराला ते पटलं नव्हतं, पण कुठे जाऊन विचारणार? शेवटी वाटलं की आईची आठवण आली असेल, घरी गेला असेल. म्हणून सुट्टी मागून आला होता.

मी त्याला पाणी दिलं. सासूने ओटीवरून विचारलं, "कोण गो?" मी सांगितलं, गोदीतला माणूस आहे, हा कामावर येत नाही म्हणून विचारायला आलाय. सासू म्हणाली, "पोरगं कुठंतरी भटकलं आसंल. यील." तिच्या लेखी तो गोदामात सावलीत बसून पोती मोजत होता, तिथे माणसाला व्हायचं काय? मी तिचा तो समज मोडला नाही. आधी मला कळायला हवं होतं. पळाला असेल तर त्याची मानगूट धरून आणीन, आणि मेला असेल तर हातातल्या बांगड्या फोडीन. ही मधली टांगणी मला सोसवणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी जोडीदाराबरोबर लाँचवर बसले. सासूला म्हटलं, गोदीत जाऊन बघून येते. मुंबई मी त्याआधी एकदाच पाहिली होती, लहानपणी, वडिलांच्या खांद्यावरून. या वेळी काय पाहिलं ते विचाराल तर सांगता येणार नाही. डोळे उघडे होते एवढंच.

मुकादम शिवडीकडे त्याच्या चाळीच्या पायरीवर विडी ओढत बसला होता. मला बघून उठलासुद्धा नाही. "अगं, पुष्कळ पळतात असे. नवं माणूस शोधलं असेल, तू कशाला जिवाला लावून घेतेस?" मी म्हटलं, "बायकोच्या माहेरी भात खायला आलास तेव्हा बांधावर तूच त्याला गाठलंस. पळणारा वाटला होता तेव्हा?" तो म्हणाला, मग कपडे कुठे आहेत त्याचे? खाली असता तर वर कपडे असते. जोडीदार मध्ये पडला. ते लोक खाली उतरताना कपड्यांचं गाठोडं भिंतीवर ठेवायचे. मुंबईत वाळत घातलेलं धुणं राहत नाही, तर भिंतीवरचं गाठोडं कोण ठेवतो? मुकादमाने खांदे उडवले. मी म्हटलं, मला खाली जायचंय. तो हसायला लागला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू थांबलं. "तुझी जबाबदारी," जोडीदाराला म्हणाला आणि आत गेला.

आधी जोडीदाराने मला त्याच्या खोपटात नेलं. त्याच्या बायकोने भाकरी आणि पाणी दिलं. मी खाल्लं, प्याले. गावात कळलं असतं तर बोलले असते, पण भूक लागली होती आणि ती बाई माझ्याकडे बघून डोळे पुसत होती.

ओहोटी लागल्यावर आम्ही उतरलो. एका भिंतीआड लोखंडी झाकण, खाली भिंतीत रोवलेल्या कड्या. मी लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि उतरले. आधी वासाने डोळ्यांत पाणी आलं, मग नाक मेलं. जोडीदाराने कंदील वर धरला आणि मी ते बघितलं. विटा. कमानीमागून कमान, आत आत गेलेल्या. पाणी घोट्याएवढं, संथ. वरून काहीतरी जड गेलं तर सगळं गुरगुरलं, अगदी तो सांगायचा तसं. कुठूनतरी वरून एका पोराला आई हाका मारत होती, ते स्पष्ट ऐकू येत होतं. मला इतकं रडू आलं! मला वाटलं होतं तो गोष्टी रंगवून सांगतो. सगळं खरं होतं, विटन् वीट खरी होती, आणि दाखवायला तोच नव्हता.

खिळ्याला ती कवळी होती. जोडीदाराने सवयीने तिला हात जोडले आणि मग ओशाळून माझ्याकडे बघितलं. मीही जोडले.

आम्ही कोपरे बघितले, गाळाचे ढीग बघितले. त्याचं काही नव्हतं. शेवटी नाला जिथे संपतो तिथे ते लोखंडी दार आलं. ते उघडं होतं. त्याच्या पलीकडे अजून बरीच भिंतींमधली वाट, मग उजेड, मग समुद्राचा चिखल. जोडीदार म्हणाला, हा बाहेरचा तुकडा एरवी पाण्याखाली असतो, आवस-पुनवेच्या ओहोटीलाच काय तो सुकतो. तेव्हा दार बंद करायचं, म्हणजे शहराचं पाणी आत अडून राहतं, आणि बाहेरचा गाळ काढायचा. सकाळची ओहोटी गाठून माझा नवरा एकटाही जायचा कधीकधी. मी त्या तुकड्यात उभी राहिले. भिंती धुतल्यासारख्या स्वच्छ होत्या.

वर आलो. दाराचं चाक वर होतं, पत्र्याच्या एका खोपीत. तिथे एक तरणा माणूस बसला होता, परमुलखातला, तुटकं मराठी बोलायचा. चाकावरचा नेहमीचा माणूस गावी गेला होता, हा त्याच्या बदली. मी खोपीच्या मागे तोंड धुवायला गेले. तिथे कचऱ्याचा ढीग होता, विड्यांची थोटकं, पत्रावळी, फुटकी मडकी. आणि त्यात एक टहाळा, खाडीकाठच्या तिवराची फांदी. सुकलेला, पानं काळी पडलेली, बुंध्याला काथ्या गुंडाळून गाठ मारलेली.

 मी खाली बसले आणि तो टहाळा मांडीवर घेतला.

जोडीदार धावत आला. त्याला टहाळ्याचं ठाऊक होतं, माझ्या नवऱ्यानेच शिकवलं होतं. तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे उघाडीच्या तोंडात माणूस उतरला की उतरण्याआधी तो वर दाराला तिवराचा टहाळा बांधतो. आत माणूस आहे, एवढाच त्याचा अर्थ. मग त्या दाराला कोणी हात लावत नाही. भरती चढून मीठ वाहून जायची वेळ आली तरी नाही. दोन घरांत डोकी फुटेपर्यंत वैर असलं तरी नाही. ज्याने बांधला त्याने वर येऊन सोडायचा. ओरडून सांगायला लागत नाही, राखण ठेवायला लागत नाही. आमच्या गावात रांगणारं पोरसुद्धा त्या टहाळ्याला हात लावणार नाही.

त्या तरण्या माणसाला मी विचारलं, हा कुठे होता? तो घाबरला नाही, कारण घाबरण्यासारखं काही केलंय हे त्याला माहीतच नव्हतं. म्हणाला, चाकाला बांधला होता, दार बंद केलेलं होतं. पहिलाच दिवस होता माझा, आवसेची सकाळ. मी आलो तेव्हा इथे कोणी नव्हतं. वाटलं, कोणी बकरीसाठी पाला ठेवलाय. काढून टाकला. ओहोटी होती, पाणी सोडायची वेळ झालेली, चाक फिरवलं, आत अडलेलं सगळं पाणी बाहेर सोडलं.

जोडीदार भिंतीला टेकून उभा होता तो सरकत खाली बसला. "मला ताप नसता तर," तो म्हणाला. मी त्याला काय बोलणार? त्या तरण्यालाही काय बोलणार? हात उचलला होता मी त्याच्यावर, खोटं कशाला सांगू! पण तो माझ्या मांडीवरच्या फांदीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता, आणि त्याला हळूहळू उमगायला लागलं होतं.  माझा हात खाली आला.

राग आला तो माझ्या माणसाचा. अरे वेड्या, लाखो माणसांची मुंबई, एकाला दुसऱ्याची भाषा कळत नाही, आणि तू एका फांदीच्या भरवशावर आत शिरलास? सकाळी खोपीत कोणी नाही हे बघितलंस ना? थांबायचंस! पण तो कशाला थांबेल. टहाळा बांधला होता ना त्याने. त्याच्या लेखी तेवढं पुरे होतं. नेहमीच्या चाकवाल्याला त्याने ती रीत शिकवली होती, त्या दोघांनी ती दीड वर्ष पाळली होती. मुंबई आता आपल्यासारखी वागते असं त्याला वाटायला लागलं होतं.

नाल्याच्या तोंडावर जाऊन मी उभी राहिले. पाणी चिखलातून वाट काढत लांब चाललं होतं. समोर, पाण्यापलीकडे, धुरकट अशी आमची बाजू दिसत होती, द्रोणागिरीचा डोंगर दिसत होता. मी हाक मारली. त्याचं नाव घेऊन, चारचौघांत, मोठ्याने. चिखलातले बगळे तेवढे उडाले.

लाँचवर बसले तेव्हा बांगड्या हातातच होत्या. कळलं होतं, पण देह नव्हता, आणि मन म्हणत होतं की पोहणारा माणूस आहे, कुठेतरी लागला असेल, कोणा कोळ्याने उचलला असेल. मनाला काय, ते काहीही म्हणतं.

घरी सासू ओटीवर सुकट निवडत होती. "गावला का?" तिने वर न बघता विचारलं.

मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. गोदी नव्हती आये, गोदाम नव्हतं, तो नाल्यात उतरायचा. उघाडी होती तिथेही. मला वाटलं होतं ती आधी गटाराचं ऐकून कपाळ बडवेल. तिने ते ऐकलंसुद्धा नसावं. मी टहाळ्याचं सांगितलं तेव्हा तिचे हात सुकटीत तसेच राहिले. मग म्हणाली, "कवा?"

"चैती आवसेला. सकाळी."

 सुकटीवर माशा बसल्या होत्या, तिने त्या हाकलल्या नाहीत. मग म्हणाली, "अखितीला मी शेव्याला व्हते."

शेवा तिचं माहेर. मी लग्नाला गेले होते, घरात एकटी काय करायची म्हणून ती भावाकडे गेली होती. तिने मला सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. अखितीच्या सकाळी, म्हणजे त्या आवसेनंतर तिसऱ्या दिवशी, शेव्याच्या खाजणात एक मढं लागलं होतं. भरतीने आणून तिवरात टाकलेलं. खाडीकाठच्या गावांना ते नवं नाही, वर्षा-दोन वर्षांत एखादं येतंच. पाटलाला बोलावलं, कोणी ओळखीचं म्हणून पुढे आलं नाही. जात माहीत नाही म्हणून जाळायचं नाही, पुरायचं. आणि पुरताना एका बाईने रडायचं, ही आमच्या बाजूची रीत. कुणाचं तरी लेकरू असतं, त्याला न रडता मातीत घालू नये. पण परक्या मेलेल्याचं तोंड बाईने बघू नये, म्हणून तिने बांधाच्या अलीकडे पाठ करून बसायचं आणि पाठमोरंच रडायचं. माझी सासू गळ्याची. लग्नात धवले तीच गायची, आणि शेव्याला असली की रडायलाही तिलाच बोलवायचे.

ती उठली. पदर नीट केला. आम्ही दोघी चालत शेव्याला गेलो.

तिच्या भावानेच खड्डा खणला होता. त्याला विचारलं, माणूस कसा होता? तो म्हणाला, तोंडाचं काही राहिलं नव्हतं, बाय. अंगावर लंगोटी. आणि कमरेला हिरव्या लुगड्याचा काठ होता, दोन वेढे दिलेला, घट्ट.

तो काठ माझा होता. माघात तो घरी आला तेव्हा कंबर धरली होती. मी माझं जुनं लुगडं फाडून काठ दिला होता, म्हटलं हा बांधत जा.

भावाने आम्हाला जागा दाखवली. बांधाच्या वर, भरती पोचणार नाही अशा ठिकाणी चार दगड होते. मी तिथल्याच एका दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या आणि ओरडून ओरडून रडले. सासू उभीच होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मला भीती वाटली. मी तिचे पाय धरले, म्हटलं, "आये, रड गो."

"रडले व्हते ना मी," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "पण परका म्हणून रडले. चुलीवर भात ठेवून आले व्हते. करपंल म्हणून लवकर आटपलं. माझा पोर व्हता गो, आणि मी लवकर आटपलं."

मग ती त्या दगडांकडे तोंड करून बसली आणि पहिल्यापासून रडायला लागली.